कॉम्प्रेशन गेलेलं रोटरी इंजिन पुन्हा बांधताना

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. बडोद्यातल्या अलकापुरीत काम आटोपून अर्ध्या तासाने परत यावं, तर इंजिन नुसतं गरगरत राहतं, पकडत नाही. बॉनेट उघडून तासभर थांबलं की पुन्हा निमूट सुरू. भाच्याच्या माझदा आरएक्स-८ चं दोन महिने असंच चाललं होतं. इंग्लंडहून कायमचा परत येताना त्याने ही गाडी बरोबर आणली, आणि बडोद्यात तिच्या इंजिनाला हात लावायला कोणी धजेना. एका गॅरेजमध्ये इंजेक्टर बदलले, दुसऱ्यात फ्युएल पंप. दोष तिथे नव्हताच. इंजिन तापलं की तेल पातळ होतं, सील आणि भिंत यांच्यामधली फट त्याने भरत नाही आणि दाब निसटतो. थंडपणी सुरू होणारी रोटरी गाडी गरमपणी सुरू होत नसेल, तर सगळ्यात आधी कॉम्प्रेशनवर, म्हणजे आत दाब धरला जातो की नाही यावर, संशय घ्यावा.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममध्ये नोकरीची सगळी वर्षं काढली. गाड्यांचा मिस्त्री नाही. पण हे इंजिन उघडल्यावर मला ते ओळखीचं वाटलं. यात अंगाच्या ताकदीचं काम एखाद-दुसऱ्या ठिकाणी, बाकी सगळा कारभार मायक्रोमीटर, फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पोलादी पानं) आणि डायल गेजचा. ज्यांना मोजायची सवय आहे आणि घाई करायची सवय नाही, त्यांना हे काम घरच्या गॅरेजमध्ये जमण्यासारखं आहे. म्हणून आम्ही केलं त्या क्रमाने सगळं लिहितो.

आत काय आहे

पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग बेल्ट नाही. आठच्या आकड्याला मध्ये फुगवल्यासारखी आतली पोकळी असलेली दोन अॅल्युमिनियमची रोटर हाउसिंगं. त्यांच्या पुढे, मध्ये आणि मागे बिडाच्या तीन साइड प्लेटा. हे पाच थर लांब टेन्शन बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. प्रत्येक हाउसिंगमध्ये फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर. रोटरच्या आतल्या गिअरला ५१ दात, प्लेटला घट्ट बसवलेल्या गिअरला ३४. त्यामुळे रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधून जाणाऱ्या शाफ्टचे तीन होतात. शाफ्टची विकेंद्रता, म्हणजे रोटर बसतो तो उंचवटा मध्यापासून जितका बाजूला आहे ते अंतर, १५ मिमी, केंद्रापासून रोटरच्या टोकापर्यंतची त्रिज्या १०५ मिमी, हाउसिंगची रुंदी ८० मिमी. यांवरून एका रोटरची क्षमता ६५४ सीसी येते, दोन्हींची मिळून १३०८. आरएक्स-८ मधल्या या इंजिनाचं नाव रेनेसिस. गाडी २००३ ते २०१२ या काळात बनली.

दाब धरण्याचं सगळं काम सीलांचं. रोटरच्या तीन टोकांना तीन अॅपेक्स सील, दोन्ही बाजूंच्या कडांना मिळून सहा साइड सील, आणि टोकाशी या दोघांना जोडणारी गोल बटणासारखी सहा कॉर्नर सील. दोन रोटरांची मिळून सहा, बारा आणि बारा. तेलाची सीलं वेगळी.

रोटरी बिघडली की लोक पहिलं नाव अॅपेक्स सीलचं घेतात. त्याला इतिहास आहे. रोटरी इंजिनाचा जनक फेलिक्स वांकेल आणि एनएसयू ही जर्मन कंपनी यांच्याकडून परवाना घेऊन माझदाने १९६० च्या दशकात हिरोशिमात काम सुरू केलं, तेव्हा अॅपेक्स सील थरथरून हाउसिंगच्या भिंतीवर लाटांसारखे चरे पाडत. तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. माझदाची १९६७ ची कॉस्मो गाडी रस्त्यावर आली ती हा प्रश्न सुटल्यावर. पण रेनेसिसची गोष्ट वेगळी आहे. माझदाच्या आधीच्या १३बी रोटरी इंजिनात एक्झॉस्टचं तोंड हाउसिंगच्या परिघावर होतं. इथे ते साइड प्लेटांमध्ये नेलं आहे. म्हणजे जळका वायू आणि कार्बन साइड सीलच्या वाटेवरूनच बाहेर पडतो. साइड सील खाचेत कार्बनने चिकटतात, प्लेटेचा पृष्ठभाग त्या वाटेवर झिजतो. फक्त सहा अॅपेक्स सील बदलून इंजिन बंद करणारे इथेच फसतात.

आधी खात्री करा

उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजायचं. साध्या पेट्रोल इंजिनाचा गेज लावून मिळणारा आकडा इथे निरुपयोगी, कारण त्या गेजमधला एकेरी व्हॉल्व्ह सगळ्यात मोठा दाब धरून ठेवतो आणि रोटरच्या तीन बाजूंपैकी दोन दुबळ्या असल्या तरी लपवतो. रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तम. आम्ही गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह काढला आणि काटा उड्या मारताना मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. तीन उड्या, मग तीन उड्या, असा ठेका दिसतो.

इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. इंजेक्टरचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडा, ज्या रोटरचं माप घ्यायचं त्याचा एक प्लग काढून गेज लावा. माझदाचं मानक २५० आरपीएमला ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, किमान ६.९. एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५ पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांत १.० पेक्षा जास्त नको. सेल्फचा वेग कमी असेल तर आकडाही कमीच येतो. सुरुवातीच्या आरएक्स-८ चा स्टार्टर मंद होता, नंतरच्या गाड्यांना कंपनीने जास्त जोराचा दिला. त्यामुळे वेग मोजल्याशिवाय इंजिनाला दोष देऊ नका. बडोदं समुद्रसपाटीच्या फारसं वर नाही, इथे उंचीचा हिशेब धरायची गरज पडत नाही. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. तिथे आकडा पाच-सहा टक्के कमी धरून चालावं.

आमच्या गाडीत पुढच्या रोटरच्या तीन बाजू ४.९, ५.१ आणि ६.० होत्या. मागचा ६.३ च्या आसपास. पुढे विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

का गेलं, ते शोधा

हे शोधलं नाही तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाईल. आमच्या गाडीच्या चार कॉइलांपैकी दोन दुबळ्या निघाल्या. ठिणगी कमजोर असली की न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, सील कोरडी घासतात आणि कार्बनही वाढतो. दुसरं कारण तापमान: रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या जागेत पिसं, माती, वाळलेली पानं यांचा थर बसला होता. तिसरी तपासायची गोष्ट म्हणजे सीलांना तेल पुरवणारा छोटा मीटरिंग पंप आणि त्याचे नोझल. रोटरी इंजिन थोडं तेल मुद्दाम जाळतं. ते जळायलाच हवं. तेल कमी होत नाही म्हणून खूश असलेल्या मालकाने काळजी करावी.

उतरवणं आणि उघडणं

इंजिन उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही. चेन पुली ब्लॉक आणि दोन माणसं पुरतात, कारण इंजिन पिस्टनवाल्याच्या मानाने लहान आहे. प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढा आणि चिकटपट्टीवर नंबर लिहा.

ताकदीचं काम फ्लायव्हीलच्या नटचं. तो ५४ मिमीचा आहे आणि ४० ते ५० किलोग्रॅम-मीटरला आवळलेला असतो. फ्लायव्हील नीट अडकवा, लांब पाइप लावा. नट सैल झाला की पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा. फ्लायव्हील शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेलं असतं, सुटतं तेव्हा एकदम उडी मारतं. नट त्याला अडवतो आणि तुमचे पाय वाचतात.

आता इंजिन स्टँडवर पुढची बाजू खाली करून उभं करा. टेन्शन बोल्ट एकदम सोडायचे नाहीत. मॅन्युअलमधल्या क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा, तीन फेऱ्यांत. मागची प्लेट उचला, मग मागचं हाउसिंग, मग रोटर. रोटर उचलताना खालच्या बाजूची सीलं प्लेटेला चिकटून राहतात किंवा गळून पडतात, म्हणून एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने हात खाली धरायचा. मधली प्लेट काढण्यासाठी शाफ्ट साधारण इंचभर वर उचलावा लागतो, नाहीतर ती शाफ्टच्या उंचवट्यात अडकते. तिथे हातोडी मारायचा मोह होतो. मारू नका.

प्रत्येक सील कुठल्या रोटरची, कुठल्या बाजूची, कुठल्या खाचेतली हे लिहून ठेवा. टाकायची असली तरी. झिजेचा नमुना हेच तर सांगतो की इंजिनात काय घडलं. आमच्या पुढच्या रोटरच्या साइड सीलच्या सहा खाचांपैकी दोन खाचांत सील बोटाने दाबूनही हलत नव्हती. तिथेच सगळा उलगडा झाला. आम्ही हे भाग कप्प्यांच्या ट्रेमध्ये घालून माळ्यावर ठेवले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरल्यापासून मी किमती काहीही जमिनीवर ठेवत नाही.

साफसफाई

गॅरेजमध्ये बिडाचे ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळतात. रोटर हाउसिंग त्यात कधीही टाकू देऊ नका, अॅल्युमिनियम खाल्लं जाईल. रोटर बिडाचे आहेत, पण त्यांच्यात बेअरिंग बसवलेलं असतं, म्हणून तेही नको. कार्बन क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि पितळी ब्रशने काढा. सीलच्या खाचा साफ करायला जुनी मोडकी सील हेच उत्तम हत्यार. खाचेच्या मापाचीच असते. प्लेटांच्या आणि हाउसिंगच्या चकचकीत पृष्ठभागावर सँडपेपर चालवायचा नाही. पावसाळ्यात काम करत असाल तर धुतलेल्या प्लेटेला त्याच मिनिटाला तेलाचा हात फिरवा. दमट हवेत बिडावर तांबूस छटा यायला चहा पिण्याइतका वेळही लागत नाही.

मोजमाप

इंजिन वाचणार की नाही ते इथे ठरतं, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

प्लेटांपासून सुरू करा. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली फीलर घाला. ०.०४ मिमीचं पान शिरलं तर प्लेट वाकलेली आहे. मग डायल गेज सपाट बेसवर ठेवून साइड सीलच्या वाटेवरून सरकवा. शाबूत भाग आणि झिजलेला भाग यांतली पायरी ०.१० मिमीच्या आत हवी. एक्झॉस्टच्या तोंडाभोवती ती सगळ्यात खोल असते; आमच्या मधल्या प्लेटेवर ती नखालाही लागत होती. अशी प्लेट लॅपिंग करून (बारीक पूड लावून घासून) सपाट करता येते, पण बिडाच्या या पृष्ठभागावर नायट्रायडिंगचा कडक थर आहे आणि तो पातळ आहे. खोल घासलं की खालचं मऊ बीड उघडं पडतं. माझं मत असं: लॅपिंग करायचं तर पुन्हा नायट्रायडिंगही करून घ्यायचं, नाहीतर दुसरी चांगली प्लेट शोधायची. साध्या सरफेस ग्राइंडरवर घासून आणलेली प्लेट दिसायला आरशासारखी असते आणि लवकर झिजते. आम्ही मधली प्लेट बदलली, पुढची-मागची तशीच ठेवली.

रोटर हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर स्टीलच्या पत्र्यावर क्रोम आहे. टॉर्च तिरका धरून बघा, विशेषतः कडांना आणि प्लगच्या भोकांजवळ. क्रोम पापुद्र्यासारखं सुटलं असेल तर ते हाउसिंग गेलं, त्याला दुरुस्ती नाही. नुसता रंग बदललेला चालतो. मग ७५-१०० च्या मायक्रोमीटरने चार ठिकाणी रुंदी मोजा. मापांतला फरक ०.०६ मिमीपेक्षा जास्त नको. प्लगच्या बाजूला उष्णता जास्त, म्हणून तिथेच माप कमी येतं.

रोटरमध्ये अॅपेक्स सीलच्या खाचेत नवी सील घालून बाजूने फीलर घाला. ०.१५ मिमीच्या वर मोकळीक असेल तर सील डुलेल आणि रोटर बाद. कॉर्नर सील भोकात बोटाने सरकावी, खडखडू नये. बेअरिंगमध्ये तांब्याचा रंग उघडा दिसला तर ती बदला. शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट ०.०४ ते ०.०८ मिमी असावी, ०.१० ही हद्द. तेलाच्या सीलची ओठासारखी धार अर्ध्या मिमीहून रुंद झिजली असेल तर नवी घाला. खरं तर इंजिन एवढं उघडल्यावर तेलाची सीलं आणि त्यांच्या आतले रबरी रिंग नवेच घालावेत.

साइड सील बेतणं

नवी साइड सील थोडी लांब येते. ती आपल्या खाचेत, आपल्याच कॉर्नर सीलला भिडवून, एका टोकाने घासून बेतायची असते. मानक फट ०.०५ ते ०.१५ मिमी, चालवून घ्यायची हद्द ०.४०. मी ०.०५ चं पान शिरेल आणि ०.१० चं अडेल इतकी ठेवली. कमी ठेवली तर तापल्यावर सील लांबून कॉर्नर सीलला अडकवते. जास्त ठेवली तर एवढा खटाटोप करून दाब निसटायला आपणच वाट ठेवली.

घासायला कानस नको, बारीक ऑइलस्टोन घ्या. टोकाचा आकार कॉर्नर सीलच्या गोलाईला जुळणारा असतो, तो तसाच राहिला पाहिजे. दगडावर पाच-सहा वेळा ओढायची, पुसायची, खाचेत घालायची, फीलरने बघायची. पुन्हा ओढायची. सुरुवातीला भाचा म्हणाला, "मामा, एक बेतली की बाकीच्या अकरा त्याच मापाच्या करून टाकू." मी त्याला दोन खाचा मोजून दाखवल्या, लांबी सारखी नव्हती. प्रत्येक सीलला तिची खाच आणि तिची कॉर्नर सील. बेतून झाली की लगेच पाकिटात घालून नंबर. बारा सीलांना आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या, आणि एक सील जास्त घासली गेल्याने बाद झाली. म्हणून सेट मागवताना दोन जास्तीच्या घ्या.

बांधणी

खोली झाडून-पुसून, पंखा बंद करून, धूळ बसल्यावर सुरुवात करा. पुढची प्लेट खाली. रोटरच्या खालच्या बाजूची सीलं, त्यांच्या स्प्रिंगा, तेलाची सीलं व्हॅसलिन लावून खाचेत बसवा; रोटर उलटा केला तरी व्हॅसलिन त्यांना धरून ठेवतं. ग्रीस वापरू नका, ते नीट जळत नाही. रोटरचा गिअर प्लेटेच्या गिअरमध्ये बसवून अलगद ठेवा. मग शाफ्ट. मग पाण्याच्या वाटेचे नवे रबरी रिंग खाचेत, हाउसिंगच्या तेलाकडच्या पायांना सीलंटची पातळ रेघ, आणि हाउसिंग सरळ खाली. रबरी रिंग चिमटला गेला तर पाणी ज्वलनकक्षात शिरेल आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल, म्हणून हाउसिंग बसवण्यापूर्वी रिंगवरून पूर्ण वेढा बोट फिरवून बघा.

आता अॅपेक्स सील वरून आत घालायची, खाली स्प्रिंग. कॉर्नर सील, वरच्या बाजूची साइड सील, सगळ्यांच्या स्प्रिंगा. प्रत्येक सील बोटाने दाबून सोडा; ती उसळून वर आली पाहिजे. सगळीकडे टू-स्ट्रोक तेल लावा. शाफ्ट इंचभर उचलून मधली प्लेट घाला, आणि हेच सगळं मागच्या रोटरला.

टेन्शन बोल्टांचे वॉशर नवे. मॅन्युअलच्या क्रमाने, मधून बाहेर, तीन-चार फेऱ्यांत ३.२ ते ४.० किलोग्रॅम-मीटरपर्यंत. प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट हाताने फिरवा. जड होत गेला तर थांबा, सील कुठेतरी बाहेर आली आहे. आवळून झाल्यावर पाण्याच्या वाटेत रेडिएटर टेस्टरने दाब भरून रात्रभर ठेवा. सकाळी काटा तिथेच हवा.

शाफ्टची पुढे-मागे हालचाल

पुढच्या टोकाला थ्रस्ट प्लेटा आणि सुईच्या बेअरिंगा आहेत. पुलीचा बोल्ट आवळताना यांतली एक बेअरिंग घसरून कडेवर चढते आणि चिरडली जाते. इंजिन पुढची बाजू वर करून उभं ठेवा, शाफ्ट खालून टेकू देऊन वर दाबलेला ठेवा आणि बोल्ट पूर्ण आवळेपर्यंत तो सोडू नका. मग डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे ढकला. ०.०४ ते ०.०७ मिमी हालचाल हवी, ०.०९ च्या वर नको. जास्त असेल तर थ्रस्ट प्लेटांमधला स्पेसर थोडा पातळ घ्यायचा, कमी असेल तर जाड; जाडीनुसार त्यावर इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. काटा जराही हलला नाही तर स्पेसर बदलण्याआधी बेअरिंग चिरडली का ते बघा.

पहिला स्टार्ट

नव्या कॉइल, नवे प्लग, नवं तेल. प्लग न लावता आधी तेलाचा दाब येईपर्यंत सेल्फ मारा, दहा सेकंद चालवून मिनिटभर विश्रांती. मग प्रत्येक भोकात थोडं टू-स्ट्रोक तेल सोडून प्लग लावा. नव्या सील अजून भिंतीशी जुळलेल्या नसतात, त्यामुळे इंजिन पहिल्यांदा सहज पकडत नाही. आमचं चौथ्या प्रयत्नाला पकडलं. पेट्रोल साचून प्लग ओले झाले तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, या गाडीत त्याने इंजेक्टर बंद राहतात. गाडी अंगणात असू द्या. व्हॅसलिन आणि तेल जळून जो पांढरा धूर निघतो त्याने शेजारी धावत येतात. तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो.

पहिले १००० किमी ४००० आरपीएमच्या खाली, पण एकाच वेगात नको. पाचशेला तेल बदला, हजारला पुन्हा. पेट्रोल भरताना दर १० लिटरला ५० मिली टू-स्ट्रोक तेल टाकायची सवय मी भाच्याला लावली आहे. मीटरिंग पंप असला तरी. थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत बंद करायचं नाही. आणि हजार किलोमीटर झाल्यावर अधूनमधून, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, आरपीएम वरच्या टोकापर्यंत न्यायचे, म्हणजे खाचांत कार्बन साचत नाही.

बाराशे किलोमीटरनंतर आम्ही पुन्हा गेज लावला. पुढचा रोटर ७.९, ८.०, ८.०. मागचा ८.१ च्या आसपास. त्या दिवशी गाडी अलकापुरीत नेली, अर्धा तास उन्हात उभी केली, आणि भाच्याने किल्ली फिरवली तेव्हा मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. दुसऱ्या फेऱ्याला पकडली.